तारुण्यपिटिका : सुश्रुतापासून आजपर्यंत



लग्न दोन महिन्यांवर आलं की आपल्या भिंगारच्या घरांत मुलीच्या पुटकुळ्यांची चर्चा सुरू होते. 'तळलेलं खातेस', 'तोंड नीट धुत नाहीस', म्हणजे दोष तिचाच. पण हे दुखणं फार जुनं आहे.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ते आलं आहे. तरुणांच्या तोंडावरचे हे फोड सावरीच्या काट्यांसारखे दिसतात, ते कफ, वात आणि रक्त बिघडल्याने होतात, असं तिथे सांगितलंय. उपाय म्हणून वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरीचा लेप.

आजचं शास्त्र सांगतं की वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात आणि रंध्रं बुजतात. तोंड बंद राहिलं तर पांढरं टोक, उघडं राहिलं तर काळं. तो काळेपणा मळाचा नसतो, घासून जात नाही. पुढे सूज आली की लाल फोड, मग पूचे फोड, आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे खोल, दुखऱ्या गाठी, ज्यांचे व्रण राहतात.

बुजलेल्या रंध्रांना रेटिनॉइडचं मलम, लाल आणि पूच्या फोडांना बेन्झॉइल पेरॉक्साइड, जास्त असेल तर काही काळ प्रतिजैविकं. गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत त्याला 1982 मध्ये मान्यता मिळाली. मात्र गरोदरपणात ते घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. त्याची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेली असते. तेही संकोच न करता विचारावं.

खरा धोका घाईचा आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीने दुकानातून सांगोवांगी आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं. आठ दिवसांत चेहरा उजळला. मग त्वचा पातळ, लाल झाली आणि मलम थांबवताच फोड दुप्पट उठले. असे प्रकार देशभर होत होते, म्हणून मार्च 2018 मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली.

ज्ञाताधर्मकथेतली मल्लीकुमारी आपल्याला ठाऊक आहे. रूपाला भुलून आलेल्या सहा राजांसमोर तिने आपल्या सोन्याच्या पुतळ्याचं झाकण उघडलं, तेव्हा आत साठवलेल्या अन्नाच्या दुर्गंधीने त्यांनी नाकं झाकली. व्याख्यानात ही कथा आपण मान डोलावत ऐकतो आणि घरी येऊन मुलीचे फोड मोजतो.

योग्य उपचाराचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा वेळ तिला देऊया. आणि तोवर तिला टोकू नये.