बटईदाराचा मोबाईल का वाजत नाही



काल सोयाबीनमध्ये डवरे चालू होते. दुपारी बांधावर भाकर खायला बसलो अन् मेसेज आला: पीएम किसानचे २००० रुपये जमा. बाजूला माझा बटईदार बसलेला. निम्मं बी-खत त्याचं, मेहनत बरीचशी त्याचीच. त्याच्या मोबाईलवर मेसेज आला नाही, येणारही नाही. कारण सातबारा माझ्या नावावर आहे.

हे असं का झालं, ते पाहायचं तर मागं जावं लागतं.

आपल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क अन् मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, निजामानं गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. लढाई दख्खनच्या सुभ्याची, म्हणजे इथला महसूल कोणाच्या खजिन्यात जायचा याची. शेतकऱ्याशी सरकारचं नातं तेव्हा घेण्याचंच.

१८५३ च्या तहानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६० नंतर रयतवारी पद्धतीनं मोजणी झाली. प्रत्येक वावराला नंबर, आकार अन् खातेदाराचं नाव लागलं. सारा कोणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ही वही. कसतो कोण, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर कसणाऱ्यासाठी कायदा आला. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा. हेतू चांगला होता, पण मालकांनी धसका घेतला: कागदावर नाव लागलं तर जमीन जाईल. तेव्हापासून बटई तोंडी. जुन्या सातबाऱ्यावर 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना असायचा. त्यात बहुतेक वेळा 'खुद्द'च लिहिलेलं. माझ्याही.

मग २०१९ मध्ये पीएम किसान आली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या 'नमो'चे आणखी ६०००. पैसे थेट खात्यात येतात, मधला दलाल गेला, हे मोठं काम झालं. पण खातं कोणाचं, हे ठरवायला घेतली तीच जुनी वही. घेण्यासाठी बनवलेला कागद आता देण्यासाठी वापरतो आपण. म्हणून शहरात नोकरी करणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या कितीतरी जणांना हप्ता मिळतो अन् इथं वखर हाणणाऱ्याला नाही. अतिवृष्टीच्या मदतीचंही तेच.

यावर उपाय नाही असं नाही. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा केला: मालकाच्या संमतीनं ११ महिन्यांचं कार्ड, त्यावर कसणाऱ्याला पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळू शकते. मालकी हक्काला धक्का नाही. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी आहेच. पीक कोणतं हे मोबाईलवर नोंदवतो, तसं पीक कोणाचं हेही नोंदवता येईल.

मागच्या नुकसानीचे पैसे आले तेव्हा निम्मे मी त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणे, "दादा, हे तुमचं मन आहे. उद्या तुमच्या पोरांचं नसलं तं?"

मला उत्तर देता आलं नाही. लेखी करून देतो, असंही अजून म्हणालो नाही. भीती माझ्याही मनात आहेच.

तुमच्याकडे बटई लेखी आहे का तोंडी? खरं काय ते सांगा.