मोडी कागदाची साक्ष : कोल्हापूरच्या दप्तरापासून हॅश व्हॅल्यूपर्यंत (धागा)

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. वकिलांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाचे हे फळ. त्या आंदोलनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा वकिलाच्या हातातील साधनांविषयी आहे, आणि त्यांतल्या त्यात एका जुन्या कागदाविषयी.

आजचा वकील टॅब्लेटवर संचिका उघडतो, ई-फायलिंगने दावा दाखल करतो, पुढची तारीख भ्रमणध्वनीवर पाहतो. पण वाद इनाम जमिनीचा, वतनाचा किंवा जुन्या वाटणीचा असेल, तर संचिकेच्या तळाशी एखादा पिवळट कागद निघतो. तो मोडीत असतो. पक्षकाराला तो वाचता येत नाही, वकिलाला येत नाही आणि न्यायाधीशांनाही बहुधा येत नाही. घराण्याचा हक्क मात्र त्याच कागदावर उभा असतो.

मोडी ही घाईची लिपी. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. ‘तीनशेतीस’ अशी अक्षरे आली, तर ती तीनशे तीस ही रक्कम की तीन शेतीस दिलेले काही, हे पुढचामागचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते. रक्कम बहुधा आकड्यांतही लिहीत, म्हणून निभावत असे.

खरी परीक्षा कालगणनेची. मराठेशाहीतील पत्रांत वर्ष पुष्कळदा शुहूर सनात आणि तेही अरबी संख्यावाचकांत येते. ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे पाच, वीस, दोनशे आणि हजार : शुहूर सन १२२५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १८२४-२५ हाती येते. अक्षर ओळखणे हे कामाचे अर्धे. उरलेले अर्धे डोक्यात असावे लागते. सनात एका वर्षाची चूक झाली, तर खरेदी आधीची की वाटणी आधीची, हा सबंध दावाच उलटा होऊ शकतो.

हे डोक्यातले ज्ञान फार काळ मोजक्या घराण्यांकडे होते. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे; लिहिणारा तोच, वाचून दाखवणाराही तोच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातील वंशपरंपरागत कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. हा निर्णय सामाजिक सुधारणा म्हणून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्याकडे माहितीच्या व्यवस्थेतील बदल म्हणूनही पाहायला हवे : गावाची कागदोपत्री स्मृती एका घराच्या ताब्यातून काढून उत्तरदायी नोकराकडे देण्यात आली.

मोडी मागे पडली त्यात यंत्रांचा वाटा मोठा आहे. छापखान्याने तिला सुरुवातीला जवळ केले होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये सेरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. पण पुढे पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि सरकारी गॅझेटे बाळबोधीत निघू लागली. करवीर सरकारच्या गॅझेटात १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा सुप्रसिद्ध आदेश छापला गेला, तोही बाळबोधीतच. छापील मजकूर एका लिपीत आणि हाताचे लेखन दुसऱ्या लिपीत, असा दुहेरी संसार काही काळ चालला.

मग टंकलेखन यंत्र आले. कचेऱ्यांतून ते आधी इंग्रजीत स्थिरावले, नंतर देवनागरीत. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि न्यायालयांबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या टंकलेखकांची खटखट महाराष्ट्रभर ओळखीची झाली. प्रत्येक कळीला एक सुटे अक्षर, ही त्या यंत्राची अट. जोडून, वळवून लिहिली जाणारी मोडी त्या अटीत बसणारी नव्हती. स्वातंत्र्यानंतर ती शाळांतूनही गेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानी दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पुराभिलेखागारात आले. कागद सुरक्षित राहिले, वाचक मात्र पिढीगणिक कमी होत गेले.

कायदा या कागदांकडे कसा पाहतो? १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ९० आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ९२ असे सांगते की तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरील सही व हस्ताक्षर ज्याचे म्हणून सांगितले जाते त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. गृहीतक तेवढेच. मजकूर खरा आहे की नाही, आणि त्याचे वाचन बरोबर झाले की नाही, हे त्यात येत नाही. शिवाय उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे मोडीतून देवनागरीत लिप्यंतर आणि देवनागरीतून इंग्रजीत भाषांतर, असे दोन उंबरठे ओलांडून कागद न्यायाधीशांसमोर पोहोचतो. पहिल्या उंबरठ्यावरची चूक दुसऱ्यावर दिसतही नाही.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. ज्या लिपीला ‘छंद’ म्हणून हसले जात असे, तिच्यावर जातीचे प्रमाणपत्र, पर्यायाने शिक्षण आणि नोकरी, अवलंबून असल्याचे अनेक घरांच्या ध्यानात आले.

साहजिकच लोक पुन्हा यंत्राकडे वळले. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले होते. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखिताच्या छायाचित्रावरून थेट देवनागरी मजकूर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. तिच्यासाठी दोन हजारांहून अधिक छायाचित्रांचा संच तयार केला. काम मोलाचे आहे. परंतु न्यायालयाचा प्रश्न वेगळा असतो : या वाचनाची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जालन्यातील एक खटला उपयोगी पडतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणाचा आधार घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची, तर कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. सर्व प्रयत्न करूनही ते मिळवणे पक्षकाराच्या हाती नसेल, तरच सूट. कॅमेऱ्याने पाहिले एवढे पुरेसे नाही. त्या प्रतीसाठी एखाद्या माणसाने सही करावी लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे आणखी काटेकोर केले. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यांत फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. एका अर्थी ही जुन्या शिक्क्यामोर्तबाचीच नवी आवृत्ती.

मोडी कागदाच्या स्कॅनला हॅश लावली, तर ते स्कॅन नंतर बदललेले नाही, हे दाखवता येते. त्या स्कॅनमधील ‘खमस’ बरोबर वाचले गेले का, याविषयी हॅश मौन पाळते. ते सांगणारा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याची उलटतपासणी होते. अमुक अक्षर ‘स’ कशावरून, हा प्रश्न त्याला विचारता येतो.

कसलेला मोडी वाचक लिप्यंतर करताना फाटलेल्या जागी टिंबे देतो आणि संशयास्पद शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो. यंत्राने दिलेल्या मजकुरात सगळी अक्षरे सारख्याच काळ्या शाईत उमटतात. कोणते वाचलेले आणि कोणते अंदाजाने भरलेले, हे तिथे दिसायला हवे. तशी सोय होईपर्यंत उपयोग असा करता येईल : हजारो पानांतून हव्या नावाचे संभाव्य पान यंत्राने शोधून द्यावे, आणि ते पान मोडी जाणणाऱ्या माणसाने वाचून त्याखाली आपली सही करावी.