टेपवरून सीडीवर
व्हीएचएस टेपवरचे चित्रण घरच्या संगणकात उतरवून त्याची सीडी बनवणे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांच्या आवाक्यात आले. व्हीसीआरची पिवळी वायर कॅप्चर कार्डला आणि आवाजाची वायर साउंड कार्डला जोडली जाई. जोडणी सोपी होती. खरी अडचण वेगाची. पाल पद्धतीचे ७२० बाय ५७६ पिक्सेलचे चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, न दाबता साठवायचे तर सेकंदाला सुमारे २० एमबी माहिती येई. तेव्हाच्या हार्ड डिस्कची त्यात दमछाक होई, फ्रेम गळत आणि ओठ व आवाज यांचा मेळ सुटे. झिजलेल्या टेपने तर हे दुखणे आणखी वाढे. शिवाय फॅट-३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नसे. म्हणून पुष्कळ जण चित्राचा आकार कमी करत. १९९३च्या व्हिडिओ सीडीच्या मानकाला ३५२ बाय २८८ पुरेसे होते. एका सीडीवर साधारण ७४ मिनिटे मावत. लग्नाच्या तीन तासांच्या कॅसेटला तीन सीडी लागत. पुढे डीव्हीडी रायटर स्वस्त झाले आणि ४.७ जीबीच्या डिस्कवर एमपेग-२ स्वरूपात पूर्ण आकाराचे चित्र बसू लागले. रूपांतरासाठी संगणक मात्र बऱ्याचदा रात्रभर चालू ठेवावा लागे.