‘मी रोबोट नाही’ची कुळकथा

‘मी रोबोट नाही’ या चौकोनात टिचकी मारली की दार उघडतं. पण टिचकी काय, रोबोटही मारेल. मग चौकोनाला कळतं कशावरून?

चौकोन २०१४चा, घराणं जुनं. १९९७च्या सुमारास आल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनात काही मंडळी प्रोग्रॅम लावून आपल्याच साइट्सचे पत्ते ढिगांनी ओतत. तिथल्या आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरची माहितीपुस्तिका उघडली. यंत्राला अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून काय करावं, हे तिच्यात होतं. यांनी नेमकं उलट केलं. अक्षरं वाकडी, वळणं वेगळाली, मागे गिचमिड.

वाकड्या अक्षरांच्या या परीक्षेचं ‘कॅप्चा’ हे बारसं पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात झालं. त्या नावात गणितज्ञ ॲलन ट्युरिंग दडलाय. यंत्र माणूस म्हणून खपतं का, हे पाहणाऱ्या त्याच्या १९५०च्या चाचणीत परीक्षक माणूस होता. इथे यंत्रच माणसाची परीक्षा घेतं! कार्नेगी मेलनच्याच लुईस फॉन आन यांनी २००७मध्ये रीकॅप्चा आणलं. शब्द दोन: एक परीक्षेचा, दुसरा बिगारीचा. हा दुसरा शब्द जुन्या छापील पानांतला, स्कॅनिंगमध्ये यंत्राला न लागलेला. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक आपण असे फुकटात वाचून दिले. २००९मध्ये गूगलने रीकॅप्चा विकत घेतलं.

यंत्रंही शिकत होती. आपली प्रणाली अवघडातली अवघड अक्षरं ९९.८ टक्के अचूक वाचते, असं २०१४मध्ये गूगलनेच सांगितलं. म्हणजे वाचनाची परीक्षा संपली आणि पाळत सुरू झाली. टिचकीच्या आधी नि नंतर तुम्ही कसे वागता, यावर निकाल. रीकॅप्चाच्या २०१८च्या आवृत्तीत तर चौकोनही नाही. मागच्या मागे ० ते १ यांमधला गुण पडतो. कुकीज पुसून, ओळख झाकून फिरणाऱ्याच्या वाट्याला मात्र सिग्नल आणि बसगाड्या शोधण्याची शिक्षा. सोय वाढली, झडतीही वाढली.

यावरचा उतारा कॅप्चाहूनही जुना निघाला. १९८२मध्ये डेव्हिड चॉम यांनी आंधळी सही मांडली. कार्बन लावलेल्या पाकिटात कागद घालून द्यायचा. सही पाकिटावर होते, उमटते आतल्या कागदावर. पुढे तो कागद दाखवला, तर सही करणाऱ्याला सही आपली हे पटतं, कागद कुणाचा हे कळत नाही. ‘प्रायव्हसी पास’ ही पद्धत याच जातीची: एकदा माणूस ठरलात की निनावी टोकनं मिळतात, ती पुढच्या दारांवर खर्चायची.

२०२२पासून आयफोनही अशी टोकनं मिळवून देतो, कोडं न घालता. त्यासाठी ॲपल ग्वाही देते ती फोन अस्सल असल्याची. फोन कुणाच्या हातात आहे, हे टोकन सांगत नाही.