माहीमचे गोड पाणी : मतप्रसाराच्या भौतिकी प्रतिमानांची एक कसोटी

१८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली आणि लोकांची झुंबड किनाऱ्यावर लोटली. विहार व पवई तलावांकडून निघालेली मिठी नदी उपनगरांतील सांडपाणी घेऊन याच खाडीला मिळते. कचरा डोळ्यांसमोर तरंगत असता लोकांनी ते पाणी प्राशन केले, बाटल्यांत भरून नेले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इशाऱ्याने गर्दी हटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पाणी पुन्हा खारट लागू लागले. पावसाळ्यात खडकांच्या भेगांत साचलेले गोडे पाणी समुद्रात उतरले असावे, असे स्पष्टीकरण पवईच्या आयआयटीतील भूवैज्ञानिकांनी दिले. हा उलगडा पाण्याचा झाला, गर्दीचा नव्हे.

मतप्रसाराचा भौतिकी विचार बव्हंशी एर्न्स्ट इझिंग यांच्या १९२५ सालच्या लोहचुंबकाच्या प्रतिमानावर उभा आहे. त्यात प्रत्येक अणू शेजाऱ्यांच्या दिशेकडे झुकतो, तापमान त्याला स्वैर करते, तर बाह्य क्षेत्र सर्वांना एकाच वेळी खेचते. सर्ज गालाम व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हीच भाषा कामगारांच्या संपाला लावली. (मुंबईतील गिरणी संपही त्याच वर्षी, १८ जानेवारीस सुरू झाला, हा निव्वळ योगायोग.)

एका ओळीतील अणूंमध्ये शून्याहून अधिक तापमानास एकमत टिकत नाही, असे इझिंग यांना आढळले होते. अंधेरी-बोरिवली वा घाटकोपर-मुलुंड ही रुळांवर ओवलेली उपनगरे नकाशावर अशीच ओळ दिसतात. परंतु बोरिवलीचा एक दूरध्वनी मुलुंडला लागला की ओळ मोडते. असे थोडे लांबचे दुवेही अवघे जाळे आखूड करतात, हे वॉट्स व स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखविले. गुजरातमधील तिथल येथेही काही तासांतच पाणी गोड झाल्याचे बोलले गेले. तेथे शेजाऱ्यांच्या प्रभावापेक्षा वृत्तवाहिन्यांचे बाह्य क्षेत्र अधिक कारणीभूत झाले असावे.

प्रतिमानाची खरी अडचण निराळी आहे. अणूला चव घ्यावी लागत नाही. माहीमला प्रत्येकाने ती घेतली. भूवैज्ञानिकांचे म्हणणे ग्राह्य धरल्यास पाण्याचा खारटपणा खरोखरच उतरला होता. तेव्हा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली ती चव नव्हे, तर तिचा चमत्कार हा अर्थ आणि घाणीकडे केलेली डोळेझाक. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हाही चमच्यातील दूध खरोखर ओढले जात होते, पृष्ठताणाने. ‘होय’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच अवस्था मानणाऱ्या प्रतिमानात अनुभव आणि त्याचा अर्थ यांना वेगळ्या जागा नाहीत. त्या दिल्याखेरीज १९ ऑगस्टच्या दुपारी ‘गोड’ हे मत कसे ओसरले, याचे उत्तर त्यातून काढता येणार नाही.