एकच प्रत नको!

नातू लॅपटॉप घेतोय. माझ्या कॅसेटींवरून उतरवलेली नाटकं, भाषणं आणि हिची गाणी मावावीत म्हणून १ टीबीचा बघतोय. मला मात्र पुण्याची आग आठवली. ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची रिळं जळाली. ही फिल्म झटकन पेट घेते. ज्या चित्रपटांची प्रत दुसरीकडे होती, ते उरले.

जागा किती, यापेक्षा प्रती किती, हा खरा प्रश्न! म्हटलं, "बाळा, लॅपटॉप ५१२ जीबीचाच घे. उरलेल्या पैशांत बाहेरच्या दोन हार्ड डिस्क आण. एक सोलापुरात ठेवू, दुसरी बार्शीला आत्याकडे."

ही जाऊन सहा वर्षं झाली. तो आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येणार नाही.