आकडा, सूत आणि पाट

गेल्या दिवाळीची गोष्ट. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून पिशवी सावरीत घरी आलो, तो शेजारचे गृहस्थ ओट्यावर बसलेले. त्यांची कन्या पुण्यास वसतिगृहात राहून शिकते. सणासाठी ती घरी आली होती. तिच्या मोबाईलवर मैत्रिणीचा एक निरोप त्यांच्या दृष्टीस पडला : 'शनिवारी वाचनालयात हुक अप करू.' तेवढे दोन इंग्रजी शब्द त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणले होते.

"गुरुजी, एक पोरगा सांगते, याचा अर्थ लई खराब होते म्हणून. आता पोरीले पुण्याले धाडत नाही मी."

अस्मादिक मॅट्रिक. इंग्रजीशी आमची ओळख दुरून नमस्कार करण्यापुरतीच. परंतु शब्दांच्या वंशावळी धुंडाळण्याचा नाद जुना. म्हणून एका दिवसाची मुदत मागून घेतली.

'हुक' म्हणजे आकडा, हे पोलक्याला हुक लावणारी कोणतीही गृहिणी सांगेल. 'अप' म्हणजे वर. पण या जोडशब्दात वर-खाली काही नाही, जसे आपल्या 'मार खाण्यात' जेवण नसते. तारेला तार, यंत्राला यंत्र जोडणे हा त्याचा सरळ अर्थ. १९२०नंतर अमेरिकेत अनेक नभोवाणी केंद्रे एका कार्यक्रमापुरती जोडली जाऊ लागली, त्यालाही हेच नाव मिळाले. आपली आकाशवाणी त्यास सहक्षेपण म्हणते. हातमिळवणी करणे, भेटणे हेही अर्थ त्यास चिकटले. मग १९८०च्या सुमारास तिकडील महाविद्यालयीन तरुणांत आणखी एक अर्थ रुजला : लग्नाचे वा पुढचे कसलेही वचन न देता स्त्री-पुरुषांनी घटकाभर जवळ येणे. नवा पाहुणा आला, पण जुने बिऱ्हाडकरू घर सोडून गेले नाहीत.

आपल्याकडे तरी काय निराळे आहे? 'लग्न' हा शब्द 'लग्' म्हणजे चिकटणे, या धातूपासून निघाला. 'लगट' त्याच कुळातला; पण एकाला मांडव मिळाला, दुसऱ्याच्या वाट्याला कुजबुज आली. विणकरांच्या या नागपुरात मागावर सूत जुळले तर कोणी वळून पाहत नाही. कोणाचे कोणाशी जुळले की सारी गल्ली कान टवकारते!

वाचकहो, अशा शब्दांच्या अर्थावर कधी कधी माणसांचे आयुष्य टांगलेले असते. 'पाट' घ्या. अनेक जातींत विधवेचे दुसरे लग्न या नावाने होई. पहिल्या लग्नाचा थाट त्यात नसे. पण ते चोरटेही नव्हते. जात त्यास मान्यता देई, आणि मराठी राज्यात सरकार त्यावर 'पाटदाम' नावाचा कर घेई. १८५६ साली इंग्रज सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला. ज्यांना बंदी होती त्यांना वाट मोकळी झाली. परंतु पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जाईल, असे कलम त्यात होते. ज्या जातींत पुनर्विवाहाची रूढी आधीपासूनच होती, त्यांनाही हे लागू करावे काय? मुंबईच्या उच्च न्यायालयाने 'होय' म्हटले, अलाहाबादच्या न्यायालयाने 'नाही'. कायदा एकच, अक्षरे तीच; पण एका विधवेचे शेत राहिले, दुसरीचे गेले.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना सारे अर्थ सांगितले. वाईट वाटणारा अर्थही लपवला नाही; लपवला असता तर बाकीच्यांवर त्यांचा विश्वास बसला नसता. मग म्हटले, "भाऊ, अर्धा अर्थ शब्दात असतो, अर्धा वाक्यात. वाक्यात मैत्रीण आहे, शनिवार आहे, वाचनालय आहे. राहिलेले पोरीलाच विचारा."

त्यांनी विचारले. परीक्षेचा अभ्यास दोघींनी मिळून करायचा होता, एवढेच ती म्हणाली, आणि पुढे, "बाबा, हे आधी मलेच काहून नाही विचारलं?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. तिच्या शब्दाचा अर्थ लावण्यात मीही एक अख्खा दिवस तिला वगळूनच घालवला होता.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, ती तिच्या वडिलांनीच.